विकलोच्या वाटेवर भेटलेल्यांनो, मनापासून आभार

डब्लिनच्या मार्ले पार्कातून आम्ही दोघं ‘विकलो वे’ ही आयर्लंडमधली लांब पायवाट चालायला निघालो. वाट सुमारे १३० किलोमीटरची आणि सोबत गाइड नाही. नकाशा आणि वाट दाखवणाऱ्या काळ्या खांबांवरचं चालणाऱ्या माणसाचं पिवळं चित्र, एवढाच आधार. पहिल्याच दिवशी किलमाशोगच्या जंगलापुढे धुकं उतरलं आणि एक खांब नजरेतून सुटला.

कुत्र्याला फिरवणाऱ्या आजी, तुम्ही नुसता हात दाखवून वाट सांगितली असती तरी पुरे होतं. तुम्ही आमच्यासाठी माघारी वळलात, चढ चढलात, आणि ओल्या खांबावर तळवा टेकवूनच थांबलात. तुम्हाला दम लागला होता, ते आम्ही पाहिलं.

ग्लेनकलनजवळ ट्रॅक्टर थांबवणारे दादा, ह्यांचे बूट पाण्याने भरलेले बघून तुम्ही सीटमागून कोरडे मोजे काढून दिलेत. राखाडी लोकरीचे, टाचेला निळ्या दोऱ्याने रफू केलेले. परत कुठे पाठवू विचारलं, तर मान हलवून निघून गेलात.

‘नॉकरी’ इथल्या मुक्कामी आम्ही अंधार पडायच्या आत पोचलो, ते तुमच्यामुळे. तुमची नावं विचारायची राहून गेली. मोजे धुऊन जपून ठेवले आहेत.