ओगराळे हाती देणाऱ्या अण्णांस

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

श्रावणातला आपल्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह संपून पंधरवडा झाला. काल्याच्या दिवशी निघताना मी तुमचे आभार मानू लागलो, तेव्हा "आभार कसले मानतोस, वाटेला भाकरी घेतलीस का" एवढेच विचारून तुम्ही कढई घासायला निघून गेलात. समोरासमोर तुम्ही ऐकून घेणार नाही हे ओळखून हे पत्र लिहीत आहे, आणि सातव्या रात्री ज्यांनी ज्यांनी तुमच्या हातची आमटी खाल्ली त्यांनाही ते वाचता यावे म्हणून उघडे ठेवत आहे.

पुण्याला नोकरी लागल्यापासून मी सप्ताहाला येत असे तो पाहुण्यासारखा. कीर्तन ऐकायचे, पंगतीला बसायचे, वर्गणीची पावती फाडायची आणि रात्रीच परतायचे. यंदा "काही काम असेल तर सांगा" असे मी म्हणालो, तेही खरे सांगायचे तर बोलायची रीत म्हणूनच. तुम्ही मात्र माझा शब्द खरा धरलात, हात धुऊन यायला सांगितलेत आणि आमटीची बादली व ओगराळे माझ्या हाती दिलेत.

आमटी-भाकरीची पंगत म्हटली की आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेचे नाव निघते. आपला पसारा त्यापुढे लहान, पण रीत तीच: आमटी देवळामागच्या चरावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर, शिजायची आणि भाकरी घराघरांतून यायच्या. कीर्तन सुटेपर्यंत हारे भरून बाजरीच्या भाकरी आल्या होत्या. काही पातळ पापुद्र्याच्या, काही जाड, आणि कोणती कोणाच्या घरची हे तुम्ही नुसत्या काठावरून सांगत होतात.

"पुंडलिक वरदे" झाले आणि मी पहिल्याच रांगेत घोटाळा केला. भाकरी चुरून आळे होण्याआधीच घाईघाईने आमटी ओतली आणि ती पत्रावळीवरून थेट सतरंजीवर गेली. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आल्यापासून आपण पुन्हा पानांच्या पत्रावळीवर आलो, आणि सपाट पत्रावळीवर भाकरीचा बांधच आमटी अडवतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. तुम्ही न बोलता माझी बादली खाली ठेवलीत, समोरच्या आजोबांचे आळे पुरे होऊ दिलेत, मग ओगराळे पानाजवळ नेऊन कडेने अलगद सोडलेत. त्यानंतर माझ्या हातून सतरंजी भिजली नाही.

पुढची चूक मात्र मोठी होती. दुसऱ्या पंगतीला आमटी कमी पडते आहे असे वाटून मी चराच्या कडेला झाकून ठेवलेले पातेले उघडले आणि त्यातल्या तीन बादल्या वाढून मोकळा झालो. ती आमटी तुम्ही पहिली पंगत बसण्याआधीच बाजूला काढली होती, दुपारपासून चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बायकांसाठी, पाणी वाहणाऱ्या पोरांसाठी आणि आम्हा वाढप्यांसाठी. शेवटच्या पंगतीला पाणी घालून वाढवलेली आमटी द्यायची नाही, हा तुमचा नेम मला नंतर कळला.

तुम्ही रागावला असतात तर मला सोपे गेले असते. तुम्ही पातेल्यात डोकावलात, "लोकांच्याच पोटात गेली ना" म्हणालात आणि उरलेली डाळ पुन्हा चढवलीत. पावसाने सरपण ओले झालेले. धुराने तुमचे डोळे लाल झाले. मी पिंपातले पाणी ओतायला निघालो तर तुम्ही हात धरलात आणि शेजारच्या चुलीवरचे आधणाचे पाणी घ्यायला लावलेत, कारण उकळत्या आमटीत गार पाणी पडले की तवंग मोडतो आणि चव कच्ची लागते. मंदिरात विण्याचा पहारा बदलला, तरी तुम्ही खोबऱ्याचे वाटण परतत उभेच होतात. तासाभराने बायकांची पंगत बसली तेव्हा एकीलाही संशय आला नाही. (तो आता हे पत्र वाचून येईल, त्याला माझा इलाज नाही.)

सगळ्यात शेवटी, साडेबाराच्या सुमारास, तुम्ही मला बळेच पानावर बसवलेत आणि स्वतः वाढलेत. तिखटाने नाकातून पाणी येत होते आणि मी चौथी भाकरी मोडत होतो. तुम्ही स्वतः जेवलात की नाही हे विचारायचे माझ्या लक्षातच आले नाही. ती चूक या दोन्हींपेक्षा मोठी आहे, आणि तिच्याबद्दल मी तुमची मनापासून क्षमा मागतो.

त्या रात्री तुम्ही मला कामाला लावलेत, दोनदा सांभाळून घेतलेत आणि तरीही बादली माझ्या हातून काढून घेतली नाहीत, याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे. पुढच्या श्रावणात मी दोन दिवस आधी येईन. सरपण पत्र्याखाली कोरडे रचून ठेवण्याचे काम तेवढे माझ्याकडे असू द्यावे, आणि शेवटच्या पंगतीला माझ्या शेजारचे पान तुमचे धरावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
यंदाचा नवशिका वाढपी