मुरूम लागेपर्यंत

अमळनेर,
धुळवडीनंतरचा रविवार

प्रिय नाना,

स.न.वि.वि. फोनवर तू विचारलंस, "मिस्तरी बाहेरचा आहे म्हणे, खात्रीचा आहे ना?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

सप्टेंबर 1994. सुरतेत प्लेग आला आणि तिकडून गाड्या माणसांनी ठेचून भरून यायला लागल्या, आठवतं? हा गोरखपूरकडचा पोरगा तिथे घमेली उचलायचा. सोबत्याला ताप भरला, तर डब्यातल्यांनी दोघांना इथेच उतरवलं. निघाला साधा हिवताप. सोबती बरा होऊन गावी गेला, हा राहिला. (आपणही तेव्हा आठ दिवस स्टेशनकडे फिरकलो नव्हतो.)

आधी वीटभट्टी, मग थापी-ओळंबा, मग ठेके. एका सरकारी कामाचं बिल वर्षभर अडकलं, तेव्हा बायकोच्या बांगड्या मोडून त्याने मजुरांची हजेरी चुकती केली. तेव्हापासून टेंडर भरतच नाही. आज हाताखाली चाळीस माणसं आहेत, धुळे रोडला निम्मे बंगले त्याचे.

बोलतो अहिराणी, पण हेल भोजपुरी. तुझ्या जागेवर नेलं तर परसात पहारीने हातभर उकरलं, ढेकूळ चुरगाळलं आणि म्हणाला, "भो, काळी माटीना भरोसा नही." पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंती तडकतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जाणार. किती फूट, ते आधी सांगत नाही. तिथे घासाघीस करू नकोस.

माझा स्लॅब टाकला तेव्हा मे महिना, पारा 45 वर. त्याने माल रात्री ओतला, दुसऱ्या दिवशी वर आळी करून पाणी कोंडलं. कॉलमला ओलं गोणपाट. रोज पहाटे येऊन त्यावर तळहात ठेवायचा. कोरडं लागलं की पाणी मारणाऱ्या पोराचा उद्धार!

चुकत नाही असं नाही. माझ्या न्हाणीचा उतार उलटा केलान. फोडून नीट करून दिला, पण नव्या फरशीचे पैसे माझ्याकडूनच घेतले. त्यावरून आमचं वाजलंही.

आखाजी झाली की जुन्या घराचं धाबं उतरवू, पावसाआधी जोतं. जुन्या सागाच्या सरांचे दरवाजे होतील म्हणतो. तुळशीवृंदावनाला मात्र तो कुणाला हात लावू देत नाही, माईंना विचारल्याशिवाय हलवणार नाही म्हणे. तेव्हा त्यांना घेऊनच ये. गाडी कोणती ते कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
बापू