मेंदूला चुंबकीय चालना, मणक्याची दुखापत आणि वेदनेचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या सांगली पुरवणीत एका खासगी दवाखान्याची अर्धे पान भरून जाहिरात होती. मेंदूला चुंबकाने चालना देणारे यंत्र आता सांगलीतच आले असून मणक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेले रुग्ण 'पुन्हा पायांवर उभे राहतील' असे तीत म्हटले होते, आणि त्याच दमात नैराश्य, अर्धशिशी, विसराळूपणा व नसांचे दुखणे अशा सर्वांची मोट बांधली होती. माझ्या धाकट्या भावाने हा उपचार पुण्यात घेतला आहे आणि त्याला त्याचा काहीसा उपयोगही झाला आहे. जाहिरात वाचून मी अस्वस्थ झालो तो याच कारणाने, कारण जो उपचार थोड्यांना थोडा गुण देतो, तो सर्वांना सर्व काही देतो म्हणून विकला गेला, तर उद्या त्याच्यावरचा लोकांचा विश्वास पूर्णच उडेल.

आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. सहा वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर वर ओढताना साखळी निसटली आणि भाऊ खाली कठड्यावर आदळला. मज्जारज्जूला मार बसला तो दहाव्या पाठमणक्यापाशी, म्हणजे साधारण बेंबीच्या रेषेपासून खाली त्याला स्पर्श कळत नाही आणि पाय हलत नाहीत. शस्त्रक्रिया झाली, सळ्या-स्क्रू बसले, व्हीलचेअर आली, कॅथेटर बदलायला वहिनी शिकली. चौथ्या महिन्यात मात्र त्याचे पाय दुखू लागले. तळव्यांखाली निखारे पसरल्यासारखी आग, पोटऱ्यांत मध्येच विजेसारखी सणक, आणि बेंबीभोवती पट्टा आवळल्यासारखी अशी जागा, की लेंग्याच्या नाडीचा स्पर्शसुद्धा त्याला सहन होत नसे. वहिनीने नाडी काढून त्या जागी सैल इलॅस्टिक शिवले, तेही बेंबीच्या चार बोटे खाली.

ज्या रुग्णालयात आम्ही हे सांगितले, तेथे उत्तर मिळाले, "जिथे संवेदनाच नाही, तिथे दुखेल कसे? मनावर घेऊ नका." सुरुवातीचे काही दिवस मलाही तसेच वाटले, हे मी कबूल करतो. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी समजावले की ही चेतावेदना आहे, म्हणजे नसा-मज्जारज्जूलाच इजा झाल्याने उठणारी वेदना, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या वाट्याला ती येते. दुखणे पायात जाणवते, पण ते पायात नसते. खालून येणारे निरोप तुटले की मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या चेतापेशी शांत बसत नाहीत, उलट त्या कारणाविना पेटू लागतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. तीनपैकी एक फेज गेला की पंपाची मोटर फिरत नाही, पण घुमते आणि तापते. भावाला हा दाखला ऐकवला तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला होता.

गोळ्या अर्थातच सुरू झाल्या. या दुखण्यावर पहिल्या फळीत दिली जाणारी प्रेगाबालिन त्याला लागू पडली, पण डोस वाढवला की दिवसभर गुंगी असे. अॅमिट्रिप्टिलिनने झोप आली, मात्र बद्धकोष्ठही आले. ज्याच्या आतड्यांवर आधीच ताबा राहिलेला नाही, त्याच्या घरी या एका शब्दाचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी केले त्यांनाच कळेल. त्यात पोट साफ नसले किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला की हीच आग दुप्पट होते. एवढे करूनही ज्यांना पुरेसा आराम पडत नाही असे रुग्ण पुष्कळ असतात, आणि चुंबकीय उपचाराचा विचार पुढे येतो तो अशांसाठी.

या उपचाराबद्दल गावात जे बोलले जाते ते बहुधा 'डोक्याला शॉक देतात' एवढेच असते, म्हणून थोडे खोलात लिहितो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीजप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कवटीला धक्का न लावता मेंदूचा हालचालींवर ताबा ठेवणारा भाग चेतवून दाखवला. कवटीबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धाचा जोरदार प्रवाह सोडतात आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, अगदी छोटा वीजप्रवाह उमटतो. भूल द्यावी लागत नाही, झटका आणायचा नसतो, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये अशा यंत्राला मान्यता दिली ती नैराश्यासाठी. वेदनेची वाट वेगळ्या बाजूने आली. जपानमधील त्सुबोकावा यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या याच हालचालींच्या पट्ट्यावर शस्त्रक्रियेने विद्युताग्रे बसवली आणि मेंदूतील आघातानंतरची हट्टी वेदना कमी होते असे दाखवले. मग तोच पट्टा बाहेरून चेतवून पाहिला जाऊ लागला. हालचालींचा भाग चेतवला तर वेदना का कमी व्हावी, याचे आज दिले जाणारे उत्तर असे की तेथून निघणारे संदेश मेंदूच्या खोल भागांतील, थॅलॅमस व त्याखालच्या वेदना दाबणाऱ्या केंद्रांना जागे करतात आणि शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्येही त्यात कामाला लागतात.

पुण्यात पहिल्या दिवशी मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे डॉक्टर डोक्यावर बोट-बोट सरकवत होते, आणि एका जागी येताच भावाच्या मांडीवर निवांत पडलेल्या हाताचा अंगठा आपोआप टचकन हलला. अंगठा हलायला लागणाऱ्या जोरापेक्षा थोडा कमी जोर उपचारासाठी ठरवला गेला. मग कानात बोळे घालून सेकंदाला दहा या गतीने काही सेकंद टकटक, थोडी विश्रांती, पुन्हा टकटक, असे वीसएक मिनिटे. टाळूला टिचक्या मारल्यासारखे होते, असे तो म्हणाला. दोन दिवस डोके दुखले. आकडी येण्याचा धोका क्वचित, पण खरा आहे, म्हणून आधी फेफऱ्याचा इतिहास, चालू गोळ्या, डोक्यात धातूची क्लिप, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, हे सारे विचारले गेले. पाठीतल्या सळ्या डोक्यापासून लांब असल्याने अडचण आली नाही, तरी त्यांचा एक्स-रे पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी यंत्राला हात लावला नव्हता, हे मला विशेष वाटले.

आता गुणाविषयी. भाऊ एका पतसंस्थेच्या जुन्या डायरीत रोज रात्री शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहितो. ही सवय त्याच पुण्याच्या डॉक्टरांनी उपचारापूर्वी पंधरा दिवस लावली होती. त्या पंधरा दिवसांत सात आणि आठ यांखेरीज क्वचितच दुसरा आकडा आहे. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे वीस बैठका झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून पाच, कधी चार असे आकडे दिसू लागले. सलग पाच तास झोप लागल्याच्या रात्रीपुढे त्याने फुली मारली आहे. पुढे दीड महिन्याने सहा आले, नंतर पुन्हा सात. वेदनेचे अभ्यासक तीस टक्क्यांच्या आसपासची घट रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात. त्या मापाने भावाला गुण आला आणि तो टिकला नाही, ही दोन्ही वाक्ये सारखीच खरी आहेत. पाय तसूभरही हलले नाहीत, आणि ते हलतील असे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

एका माणसाच्या डायरीवरून उपचार सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. पुण्यातला मुक्काम, रोजची विचारपूस, काहीतरी होणार ही आशा, यांनीही आकडा खाली येतो, म्हणून चांगल्या अभ्यासांत काही रुग्णांना खोटे वेटोळे लावतात, जे आवाज तसाच करते पण मेंदूपर्यंत काही पोचवत नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत वेगवान गतीने हालचालींचा पट्टा चेतवण्याला चेतावेदनेसाठी वरची श्रेणी दिली आहे. परंतु त्यामागच्या अभ्यासांत निरनिराळ्या कारणांनी झालेली चेतावेदना एकत्र आहे. केवळ मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण घेतलेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दीर्घकालीन वेदनेवरील अशा उपचारांचा २०१८ मधील कॉक्रेन आढावा (ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते) तर पुरावा कमी दर्जाचा आणि लाभ अल्पकाळाचा म्हणतो. हे सगळे अर्धे पान जाहिरातीत मावणार नाही हे खरे, पण 'पायांवर उभे राहाल' हे तीन शब्दही मग त्यात मावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात ज्या व्याधींवर इलाजाच्या जाहिरातींना मनाई आहे, त्या यादीत पक्षाघात आहे. जाहिरात विभागाने तो कायदा एकदा डोळ्यांखालून घालावा, ही नम्र विनंती.

भेटायला येणारे लोक भावाला पेठच्या मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण देतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला आपल्या वाळवा तालुक्यातला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकतो, याचा अभिमान आमच्याही घरात आहे. पण रात्री दोन वाजता ज्याचे तळवे जळत असतात त्याला जिद्दीचा दाखला देणे म्हणजे दात दुखणाऱ्याला पोवाडा ऐकवणे होय. जिद्द त्याच्याकडे आहे. बागेचा सगळा हिशेब आजही तोच ठेवतो.

माझे मागणे त्या डायरीएवढेच लहान आहे. ज्या मिरजेत १८९४ पासून विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयामुळे कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येत राहिले, त्या परिसरात यंत्र आले याचा आनंदच आहे. पुण्यात आमचा उपचाराइतकाच पैसा तळमजल्यावरची खोली भाड्याने घेण्यात आणि गाडीभाड्यात गेला, तो येथील रुग्णांचा वाचेल. मात्र यंत्र चालवणाऱ्याने पहिली बैठक देण्यापूर्वी किमान दोन आठवडे वेदनेचे आकडे लिहून घ्यावेत, उपचार संपल्यावर तीन महिने ते लिहीत राहावे, आणि पैसे घेण्याआधी रुग्णाच्या हातात मराठीत लिहिलेला असा कागद द्यावा, ज्यात हा उपचार वेदनेसाठी आहे, चालण्यासाठी नाही, गुण येईलच असे नाही आणि आला तरी तो ओसरू शकतो, हे स्पष्ट असेल. सरकारी रुग्णालयांतही मज्जारज्जूच्या प्रत्येक रुग्णाला फेरतपासणीत दुखण्याचा आकडा विचारला जावा. भावाच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी आहे, दुखण्याविषयी एक ओळही नाही.

जिल्ह्यातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी हवी असतील, तर डायरीची दोन वर्षांची पाने नाव झाकून देण्यास भाऊ तयार आहे. मध्ये द्राक्षांच्या पेट्यांचे हिशेब लिहिलेले आहेत, तेवढे मात्र सांभाळून घ्यावे लागतील.

आपला,
एक वाचक
तासगाव, जि. सांगली