बालाघाटातले वाड्या-वस्त्यांचे रस्ते सायकलींसाठी जाहीर करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात फिरायला काय आहे असं कुणी विचारलं की आपण वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, तुळजापूर, परळी, औंढा एवढी नावं घेतो आणि गप्प बसतो. ही ठिकाणं मोठीच आहेत, पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधे जो डोंगर लागतो त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी बीडचा, बरीच वर्षं झाली सायकलवर फिरतो, रेसची सायकल नाही, साधी गिअरची, मागं कॅरिअरला दोन पिशव्या बांधायच्या, पंक्चरचं सामान घ्यायचं आणि पहाटे निघायचं. या फिरण्यातून एक गोष्ट मनात पक्की झालीय आणि तीच मांडायला हे पत्र लिहायलोय. सायकलसाठी आपल्याला नवीन काही बांधायची गरज नाही, बालाघाटात, म्हणजे आमच्या बीडच्या डोंगरात, रस्ते आहेत, फक्त ते सायकलचे म्हणून जाहीर करा आणि सांभाळा.

हायवेनं जाणं आता सायकलवाल्याच्या जिवावरचं झालंय. समृद्धीवर तर सायकलला बंदीच आहे आणि ते बरोबरही आहे. धुळे-सोलापूर हायवेवर बंदी नाही पण मागून ट्रक आला की हँडल थरथरतं. म्हणून मी बीडहून निघालो की पालीच्या बिंदुसरा धरणाच्या कडेनं जेवढा हायवे टाळता येत नाही तेवढाच घेतो, मांजरसुंब्याजवळ कपिलधारला आत वळतो, मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेतो, पावसाळा असला तर धबधब्याखाली दहा मिनिटं उभा राहतो आणि तिथून पुढं पाटोद्याच्या दिशेनं आतले रस्ते धरतो. लिंबागणेश, पाटोदा आणि शेवटी सौताडा. मेन रोडनं गेलं तर हे एका दिवसात होतं, आतनं गेलं तर दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवसच खरे.

एकदा घाट चढला की वर पठार आहे, म्हणजे सपाट नाही, उतरा-चढा चालूच असतो, पण दम लागला तरी मान वर करून बघावं असं काहीतरी सतत समोर असतं. तरवडाची पिवळी फुलं, तुरीची शेतं, बांधाबांधावर सीताफळं. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन मिळालंय हे आपण पेपरात वाचतो पण ते झाड कुठं कसं खडकात उभं असतं ते बघायचं तर इथंच यावं लागतं. नायगावच्या अभयारण्याजवळ सकाळी सात-साडेसातला गेलं तर मोर अक्षरशः रस्त्यावर असतात, मोटारसायकलचा आवाज आला की पळतात, सायकल अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना कळत नाही.

आणि पाण्याची गोष्ट. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीला उगम पावते. बिंदुसरा याच डोंगरातली. दोघींचं पाणी फिरून फिरून गोदावरीलाच जातं. पण सौताड्याला जी विंचरणा दरीत उडी घेते ती सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे आपण ज्या धारेवरून सायकल चालवतो तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीचा आणि दुसऱ्या अंगाचा कृष्णेचा. शाळेत जलविभाजक शब्द पाठ केला होता, त्याचा अर्थ मला सौताड्याच्या वर चहा पिताना कळला.

हे रस्ते चालणाऱ्यांनीच जुने केलेत. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला जाते ती रायमोहा, पाटोदा असा डोंगर ओलांडूनच. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला पायी दिंड्या येतात. त्यामुळं पायी किंवा सायकलवर आलेल्या माणसाला मुक्कामाला जागा द्यायची, पाणी द्यायचं हे इथल्या गावांना कुणी शिकवावं लागत नाही. माझी सायकल एकदा एका वाडीच्या अलीकडं पंक्चर झाली, बाभळीचा काटा, एक काढला तर दुसरा सापडला, अंधार पडायलेला. एका आजीनं ओसरीवर जागा दिली, बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी दिली, पैसे म्हणलं तर रागावल्या.

त्या वाडीत मला जे दिसलं ते सांगायचंच आहे. डिसेंबर होता. दहा घरांपैकी सहा-सात घरांना कुलूप. दसरा-दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. आता बघा, आमच्याकडं सायकलवर फिरायचा सिझन कोणता, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात तर कुणी येणार नाही. म्हणजे वाडी रिकामी व्हायचा आणि सायकलवाले यायचा काळ एकच आहे. गाडीवाला पर्यटक पन्नास किलोमीटर न थांबता जातो, सायकलवाला दर पंधरा किलोमीटरला थांबतो, चहा पितो, केळी घेतो, पाणी भरतो, जेवतो, रात्री तिथंच झोपतो. त्या आजीनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत पण महिन्याला दहा-पंधरा माणसं यायला लागली आणि ग्रामपंचायतीनंच जेवण-मुक्कामाचा दर ठरवून फळ्यावर लिहिला तर कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही. यानं ऊसतोड थांबेल असं मी म्हणत नाही, तेवढा भोळा नाही. पण घरी राहिलेल्या माणसाच्या हातात दोन पैसे येतील.

मग अडचण काय आहे. रस्त्याच्या दगडावर ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) अमुक, इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग) तमुक असे नंबर असतात, त्याचा बाहेरच्या माणसाला काही उपयोग नाही. फाट्यावर गावाच्या नावाची पाटी नसते, असली तर कुणाच्यातरी वाढदिवसाच्या बॅनरखाली गेलेली असते. साइडपट्ट्या खचल्यात, समोरून ट्रॅक्टर आला की सायकल खाली घ्यायला जागा नाही आणि खाली घेतली की बाभळीचे काटे. गावातल्या स्पीडब्रेकरला पांढरा पट्टा नाही, उतारावर वेगात आलेला माणूस उडूनच पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जड गाड्या. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहायलेत, त्याला माझा विरोध नाही, वारा आहे तर वीज व्हावी. पण त्यांचे लांबलचक ट्रेलर ज्या वाडीच्या रस्त्यावरून गेले तो रस्ता एका पावसात गेला हे मी डोळ्यानं बघितलंय, तिथं पुढच्या वर्षी मला सायकल हातात धरून चालावं लागलं. रस्ता मोडला तर तो मोडणाऱ्यानंच नीट करून द्यायचा हे आधी लिहून घेतलं पाहिजे.

एक धोका मात्र आपण सायकलवाल्यांनीच टाळायचा. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या असतात आणि कित्येकदा लाइट नसतो. साखर कारखान्याच्या बाजूच्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर सायकल घालायचीच नाही. धनगराचा कळप दिसला की खाली उतरायचं आणि सायकल हातात घेऊन चालायचं, पळवली तर कुत्री मागं लागतात, चालत गेलं तर बघून सोडून देतात.

मी बालाघाटाचं लिहिलं कारण तो पायाखालचा आहे. पण संभाजीनगरकडं गोळेगावहून उंडणगाव, हळदा आणि मग वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून सोयगावला उतरणारा घाट आहे, त्याच भागात जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहेत, अजिंठ्याच्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर आणि लेण्याजवळ माणूस नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीची दरी आहे. धाराशिवला येडशीचं रामलिंग आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा असा एक रस्ता माहीत असणारच, वाचकांनी तो आपल्या पेपराकडं लिहून पाठवावा अशी माझी विनंती आहे.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, नगरहून बीडला रेल्वे आली. आमच्या दोन पिढ्या वाट बघत होत्या. आता त्या लाइनवर रायमोहा स्टेशन आहे आणि रायमोह्यापासून डोंगर हाकेच्या अंतरावर. त्या गाडीत एका डब्यात पाच-सहा सायकली उभ्या राहतील एवढी जागा रेल्वेनं करावी. मग पुण्या-मुंबईचा माणूस नगरला उतरून, गाडी बदलून, सकाळी रायमोह्याला सायकल खाली घेईल आणि संध्याकाळपर्यंत पाटोद्यात असेल. जिल्हा परिषदेनं सुरुवातीला रायमोहा ते सौताडा एवढा एकच आतला मार्ग निवडावा, फाट्या-फाट्यावर पाट्या लावाव्यात, साइडपट्टीला मुरूम टाकावा आणि बाभळी तोडाव्यात. येत्या दिवाळीच्या आत हे होण्यासारखं आहे. कोणता फाटा कुठं चुकतो ते दाखवायला मी माझ्या सायकलवर सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक सायकलवाला वाचक, बीड