पन्नास दिवसांचा सण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार आणि ईस्टरच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

सण होऊन दोन आठवडे उलटल्यावर शुभेच्छा कसल्या, असे तू म्हणशील. पण उपासनेची दिनदर्शिका माझ्या बाजूने आहे. येशूच्या पुनरुत्थानाच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरपासून, पेंटेकॉस्टपर्यंतचे (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे) पन्नास दिवस हा एकच सण, किंबहुना एकच ‘महान रविवार’ म्हणून साजरा करावा, असे चर्चच्या नियमावलीतच म्हटले आहे. तेव्हा मी उशीर केलेला नाही, सण अजून चालू आहे.

तू लिहितोस की, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ तुला यंदा चांगला साधला. क्रूसाची वाट, पापनिवेदन, दानधर्म सारे नेमाने झाले, पवित्र आठवड्यात मन भरून आले, आणि ईस्टरच्या सोमवारपासून मात्र चर्चही रिकामे आणि मनही रिकामे. तू याचा दोष स्वतःच्या श्रद्धेला देतोस, तो मला मान्य नाही. उपवासकाळ माणसाला बराचसा एकट्याने पाळता येतो. जेवण आपण स्वतः सोडतो, पापाची आठवण आपली आपल्यालाच होते, दार लावून केलेली प्रार्थना आपल्यापुरती पुरते. पुनरुत्थानाची बातमी मात्र कोणीतरी येऊन सांगावी लागते आणि आपल्याला ती पुढे कोणाला तरी सांगावी लागते. उपवासकाळाच्या सवयी घेऊन तू ईस्टरकाळात एकटाच उतरलास, म्हणून तुला कोरडेपणा जाणवतो आहे, असे माझे निदान आहे.

शुभवर्तमानातल्या पुनरुत्थानानंतरच्या कथा एकदा या नजरेने वाचून पाहा. मग्दालिया मरियेला प्रभू बागेत एकटीला भेटतो खरा, पण लगेच तिला भावांकडे निरोप देऊन पाठवतो. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य भाकरी मोडताना त्याला ओळखतात, तोवर सांज झालेली असते. “दिवस उतरला आहे, आमच्याबरोबर राहा,” असे त्यांनीच थोड्या वेळापूर्वी म्हटलेले असते. तरी ते त्याच घटकेस उठतात आणि सुमारे अकरा किलोमीटरची वाट पुन्हा तुडवत यरुशलेमला परततात. जे पाहिले ते रात्रभर स्वतःजवळ ठेवणे त्यांना जमले नाही.

प्रभू पहिल्यांदा भेटला तेव्हा हजर नसलेल्या थोमा या शिष्याची गोष्ट तर मला दरवर्षी थांबवते. त्याला आपण ‘संशयी’ म्हणून मोकळे होतो, पण दोन रविवारांच्या मधल्या दिवसांचा विचार फारसा कोणी करत नाही. एका घरात दहाजण म्हणत होते की, आम्ही प्रभूला पाहिले. अकरावा म्हणत होता की, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. असा आठवडा त्यांनी कसा काढला असेल? जेवायला बसताना काय बोलले असतील? शुभवर्तमानकार योहान याविषयी काही सांगत नाही. तो इतकेच सांगतो की, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. दहाजणांनी त्याला बाहेर काढले नव्हते आणि तोही रागावून निघून गेला नव्हता. प्रभू त्याला भेटला तो या मंडळीत. पहिल्या रविवारी तो जिथे नव्हता, तिथेच दुसऱ्या रविवारी त्याच्या तोंडून “माझ्या प्रभू, माझ्या देवा” हे शब्द आले. एवढ्या मोठ्या मतभेदासह आठ दिवस एका छताखाली राहणे हे मला त्या मंडळीचे पहिले पुनरुत्थित कृत्य वाटते. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळीत, याहून कितीतरी क्षुल्लक कारणांवरून माणसे मिस्सेची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वेळ बदलतात, हे तुला मी सांगायला नको.

यावरून तुझ्या धर्मग्राम परिषदेकडे येतो. मदतनिधीच्या वाटपात एका गटाला डावलल्याची तक्रार झाली, सभेत आवाज चढले, आणि ईस्टरच्या आठवड्यातच हे व्हावे याची तुला लाज वाटली, असे तू लिहिले आहेस. लाज वाटून घेण्यापूर्वी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढ. या पन्नास दिवसांत मिस्सेतले पहिले वाचन जुन्या कराराऐवजी याच पुस्तकातून का घेतात, याचे उत्तर मला तिथेच मिळाले. दुसऱ्या व चौथ्या अध्यायांतली एकदिलाने राहणारी, सर्व काही सामाईक मानणारी मंडळी सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर थोड्याच पानांवर, रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीकभाषक ख्रिस्ती लोकांची कुरकुर येते. प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचे काम सोपवले गेले. हे वाचन ईस्टरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी येते. पुढच्या सभेची सुरुवात तुम्ही त्याच उताऱ्याने करा आणि मग हिशेबाची वही उघडा, असे मी सुचवीन.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीबद्दल तू विचारलेस. यंदा पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती तयार करण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून मी अगदी जवळ उभा होतो. धर्मगुरूंनी मेणावर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर) आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक. मग प्रभूच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे एकेक करून खोवले. चौथा दाणा बसेना, तेव्हा त्यांनी तो अंगठ्याने दाबून धरला आणि मागे सगळा समुदाय अंधारात शांतपणे वाट पाहत राहिला. मग नव्या अग्नीवरून ज्योत घेतली आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जात गेली. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटते, पण कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात आणि मोजक्या लोकांसमोर उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्रीकडे आणला आणि १९५५ मध्ये साऱ्या पवित्र आठवड्याच्या उपासनेची फेररचना केली. नूतनीकरण म्हणजे काहीतरी नवीन शोधून काढणे, असे आपण समजतो. इथे ते हरवलेली रात्र परत मिळवण्यातून झाले.

त्या रात्री आमच्याकडे एका प्रौढ स्त्रीचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या रविवारी तिने मला विचारले, “आता माझे वर्ग संपले, मग मी कुणाकडे जायचे?” प्रश्न अगदी साधा होता, आणि आमच्यापैकी कुणाकडेच त्याचे उत्तर तयार नव्हते. चौथ्या शतकात ईस्टरचा आठवडा नवदीक्षितांचाच, म्हणजे नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांचाच असे. ते पांढरी वस्त्रे घालून रोज चर्चमध्ये येत आणि जे संस्कार त्यांनी नुकतेच घेतले होते त्यांचा अर्थ धर्माध्यक्ष त्यांना उलगडून सांगत. यरुशलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे की, त्या वेळी श्रोत्यांचा जयघोष चर्चच्या बाहेरपर्यंत ऐकू येई. आम्ही आता दर गुरुवारी संध्याकाळी चार-पाच कुटुंबे तिच्याबरोबर बसून येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचतो. खरे सांगायचे तर तिच्या प्रश्नांचा लाभ तिच्यापेक्षा आम्हा जन्मजात कॅथलिकांना अधिक होतो आहे.

दुसरे एक काम आम्ही हाती घेतले आहे. अंथरुणाला खिळलेल्या ज्या माणसांना जागरणविधीला येता आले नाही, त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेतो. सोबत त्या रात्री आशीर्वादित केलेले पाणी नेतो आणि बाप्तिस्म्याची वचने त्यांच्या खाटेशी पुन्हा म्हणतो. एका वृद्ध गृहस्थांना बोलणे कठीण जाते. प्रत्येक प्रश्नाला ते हाताची बोटे किंचित उचलून होकार देत होते. शेवटच्या प्रश्नाला मात्र त्यांनी हात खाली ठेवला आणि प्रयासाने, पण स्पष्टपणे, “मानतो” म्हटले. त्यांची सून दाराशी उभी होती. तीही नकळत आमच्याबरोबर वचने म्हणू लागली होती.

वर्षातून एकदा, ईस्टरकाळात, ख्रिस्तप्रसाद घेऊन पुन्हा न दिसणाऱ्यांवर तू जरा कठोर लिहिले आहेस. रोममधल्या लॅटेरन येथील चर्चच्या चौथ्या परिषदेने १२१५ मध्ये ख्रिस्तप्रसादाबाबत घातलेली किमान अट तेवढीच होती आणि आजच्या धर्मविधानातही ती जवळपास तशीच आहे. ते निदान तेवढी तरी पाळतात! त्यांना टोमणा मारण्यापेक्षा दाराशी थांबून त्यांची विचारपूस करणारा कोणी असेल, तर पुढच्या रविवारची काही आशा राहते.

आणि ईस्टरकाळात दुःख आले तर आनंद कसा करायचा, हा तुझा प्रश्न. २०२५ चा ईस्टर आठव. २० एप्रिलला पोप फ्रान्सिस यांनी सज्जातून जगाला आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्या आठवड्यात साऱ्या चर्चने शोकही केला आणि आलेलुयाही गायिले. दोन्हींपैकी काही खोटे नव्हते. मग त्याच ईस्टरकाळात, ८ मे रोजी, पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि सज्जात येताच त्यांनी पहिले शब्द उच्चारले ते पुनरुत्थित प्रभूच्या अभिवादनाचे, “तुम्हां सर्वांना शांती असो.” बंद दारांआड घाबरून बसलेल्या शिष्यांनाही आधी हेच शब्द ऐकू आले होते, आणि त्यांच्या घराबाहेरची परिस्थिती तेव्हा काडीचीही बदललेली नव्हती.

प्रायश्चित्ताची सवय झालेल्या तुला आणखी एक गोष्ट आवडेल. ३२५ मधल्या नायसिया परिषदेने रविवारी आणि या पन्नास दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी, असे ठरवले होते. आज तो नियम आपल्यावर लागू नाही. तरी सकाळची खासगी प्रार्थना पेंटेकॉस्टपर्यंत उभ्याने करून पाहा. ती जमल्यास मरियेची ‘स्वर्गाच्या राणी’ ही प्रार्थनाही दुपारी घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणा. या दिवसांत ती एरवी म्हटल्या जाणाऱ्या देवदूताच्या निरोपाच्या प्रार्थनेची जागा घेते आणि मुलांनाही चटकन पाठ होते.

प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर पेंटेकॉस्टची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल. नऊही संध्याकाळी आमचा गुरुवारचा गट एकत्र जमणार आहे. त्यातली एक संध्याकाळ तू इकडे येऊन वाचन करावेस, अशी माझी इच्छा आहे. दिवस कोणता सोयीचा पडेल ते कळव, आणि त्याआधी परिषदेच्या सभेत काय ठरले तेही सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र