थांब्याचं नाव राहू द्या

संपादक महोदय, स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात एक ठराव आला. समोरच्या टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसच्या, थांब्याला अजून जुन्या कंपनीचं नाव आहे, ते बदलून संकुलाचं द्यावं, म्हणजे पाहुण्यांना पत्ता सांगायला सोपं जाईल. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. जवळपासचे लोक ओळखतीलच. संकुलाचं नाव तीन शब्दी आहे आणि तिन्ही शब्द इंग्रजी. त्यातला एक 'व्हॅली'. दरी कुठं आहे ती मला चार वर्षांत सापडलेली नाही.

माझे वडील त्या कंपनीत रंगखात्यात होते. टीएमटी 1989 सालची, त्यामुळे त्यांची बरीचशी नोकरी सायकलवरच झाली. खोपटच्या चाळीतून निघायचे, हँडलला डबा. त्या आठवड्यात कुठल्या रंगावर काम आहे ते आम्हाला विचारावं लागायचं नाही, नखं सांगायची. रॉकेलनं चोळा, साबणानं घासा, नखांच्या कडेला रंग उरायचाच. आईनं त्यांच्या कपड्यांसाठी वेगळी बालदी ठेवली होती, तरी आमच्या घरात पांढरं बनियन असं कधी नव्हतंच. किरमिजी रंगाचा आठवडा असला की बाबा भाकरीसुद्धा चमच्यानं खायचे. आम्हा भावंडांना त्याचं फार हसू यायचं. उन्हाळ्यात सकाळी त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग असायचा, घामाचा. आई तो अभ्रा आतल्या दोरीवर वाळत घालायची, गॅलरीत नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

कंपनी बंद झाली, जमीन विकली गेली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, मी आता बाबांना घेऊन राहते. त्यांचं वय 84. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. मागच्या महिन्यात दाढी करायला म्हणून एकटेच खाली उतरले आणि तीन तास बेपत्ता. आम्ही पोलिसांत जायच्या बेतात असताना गेटपाशी रिक्षा थांबली. चालक विशीतला, उत्तर प्रदेशातला. म्हणाला, ''काका टेशनवर भेटले, बिल्डिंगचं नाव सांगता येईना. पण कंपनी बोलले, तर आपल्याला ठाऊक होतं ना.'' त्यानं कंपनी कधी पाहिलेली नाही. त्याला ठाऊक होता तो थांबा.

ठाण्यात असे पत्ते पुष्कळ. गोल्डन डाईजला आता दिसतो तो उड्डाणपूल. मुंबईची जकात 2017 साली जीएसटीबरोबर गेली, पण मुलुंडचा चेकनाका चेकनाकाच राहिला. माझी बहीण घणसोलीला राहते. तिची मुलं नोसिल नाका म्हणतात तो नोसिल या रसायनांच्या कंपनीवरून, हे त्यांना सांगूनही पटत नाही. मेट्रो-4 च्या स्थानकांच्या यादीतही कॅडबरी जंक्शन आहे. ते वाचून मला बरं वाटलं, कारण लहानपणी तिथून जाताना कोकोचा वास आला की आम्ही भावंडं नाक वर करून चालायचो. चॉकलेटला स्थानक मिळतं, मग रंगाला एक पत्र्याची पाटी का जड व्हावी?

पाटी बदलून कुणाचं फार बिघडेल असंही नाही, हे मान्य. पाहुणे फोनवरचा नकाशा बघून येतात; थांब्याचं नाव वाचतं कोण? तेच तर. ज्यांना गरज नाही ते बदला म्हणताहेत.

ठरावाबरोबर एक फॉर्म होता. संमती की हरकत, आणि हरकत असल्यास कारण. रकाना एका ओळीचा. मी लिहिलं, 'माझे वडील या नावानं घरी येतात.'

रविवारी अकराला क्लबहाऊसमध्ये सभा आहे. बाबा दोन दिवस इस्त्रीचा शर्ट काढून बसलेत. त्यांना वाटतंय, युनियनची आहे.

— एक वाचक, ठाणे (प.)