समुद्राचे वाद्य आणि भरतीचे गणित

संपादक महोदय,

क्रोएशियातल्या झादर शहरात वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये उभारलेल्या 'समुद्री ऑर्गन'च्या चित्रफिती पाहिल्या की 'असे मुंबईत का नाही?' हा प्रश्न पडतोच. उत्तर भरतीत आहे.

झादरला सुमारे ७० मीटर लांब पायऱ्यांखाली पॉलिएथिलीनच्या ३५ नळ्या आहेत, पाच-पाचांचे सात गट. लाट नळीतली हवा ढकलते, हवा शिट्टीतून जाते आणि सूर पायऱ्यांमधल्या भोकांतून वर येतो. प्रत्येक गटाचे स्वर आपसांत जुळवलेले, त्यामुळे लाट कशीही आली तरी बेसूर होत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतरच्या पुनर्बांधणीत नुसते काँक्रीट झालेल्या त्या किनाऱ्यावर आता लोक ऐकायला बसतात. पण तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड-दोन वीत. नळीचे तोंड पाण्याशीच राहते.

मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला अनेक ठिकाणी खडक उघडे पडतात. फरक चार मीटर धरला, तर चढताना किंवा उतरताना मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर सरकते, म्हणजे तासाला एक मीटर. भिंतीत मध्यावर बसवलेल्या नळीला वर-खाली अर्धा मीटर लाट पोचते असे मानले, तर ती एका वेळी तासभर वाजेल. दिवसाच्या चार फेऱ्यांत मिळून चार तास. बाकी वेळ बुडालेली किंवा कोरडी.

म्हणून नळ्या एका ओळीत नकोत. एकेका मीटरच्या अंतराने चार ओळी आणि प्रत्येक ओळीचा स्वरांचा पट्टा वेगळा, खालचा खर्जातला. मग पाणी कुठवर आले ते न पाहता कळेल, उधाण आणि भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती) हेही कानाने ओळखता येतील. झादरची नक्कल करून हे मिळणार नाही.

आता कटकटी. गाळ, प्लॅस्टिक आणि चिकटणारे शिंपले तोंडे बुजवतील. जाळी हवी आणि प्रत्येक नळी मागून धुता यावी. शिट्टीत पाणी शिरले की सूर बंद, म्हणून ती पावसाळी लाटांच्याही वर. शिवाय समुद्राला बटण नसते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची, तेव्हा झडपा लागतीलच. वाहनांच्या गोंगाटाला लागून तर हे वाद्य बसवूच नये, कोणालाही ऐकू जाणार नाही.

निविदा काढण्याआधी साध्या पीव्हीसीच्या चार नळ्या चार उंचींवर भिंतीला बांधाव्यात आणि एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, कोणती किती वेळ वाजते याची नोंद ठेवावी. खर्च किरकोळ आहे.

– एक ध्वनितंत्रज्ञ, मुंबई